शून्याच्या खालची पट्टी

मित्रांनो, वर्गातल्या पट्टीला तुम्ही घाबरत असाल. मी तिची थोरली बहीण. मी मात्र कुणाला मारत नाही. स्वतःच घाबरून उभी असते. तलावातल्या दगडी बुरुजावर मला रंगवलं आहे. पायाशी शून्य, डोक्याशी वीस. पाणी कुठवर आलं, ते माझ्यावर वाचायचं.

तरुणपणी माझं फार कौतुक झालं. पाणी गळ्याशी असायचं. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढत. माझ्याच भरवशावर पाच गावांचा पुढच्या तीस वर्षांचा पाण्याचा आराखडा झाला. त्यात बागा होत्या, कारंजी होती. पाणी आटलं तर काय, एवढंच नव्हतं. असलं अभद्र कोण लिहितो?

मग पाणी उतरलं. छाती, कंबर, गुडघे. एके दिवशी शून्यही उघडं पडलं आणि खालून चिखलाचा वास आला. शून्याखाली पाणी गेलं की सगळ्या गावांना कपात, असा नियम होता.

तहान लागल्यावर विहीर खणतात, असं ऐकलं होतं. आमच्याकडे रंगारी बोलावला.

"शून्य आणखी खाली घे," पाणी खात्याचे साहेब त्याला म्हणाले. "कपात केली तर लोक उगाच घाबरतात."

"आकडा खाली जाईल साहेब, पाणी वर नाही येणार," तलावाचे रखवालदार मामा पुटपुटले.

"मामा, तुम्ही फक्त फोनवर आकडा सांगा. अक्कल चालवायला मी आहे."

मामांची लेक नळाच्या टोकाला, शेवटच्या गावी, दवाखान्यात बाळंतपणाला दाखल झालेली. कपात झाली, तर थोडं थोडं पाणी सगळ्यांना पुरणार होतं. नाही झाली, तर वरची गावं सगळं ओढणार आणि दवाखान्याच्या नळातून नुसती हवा फुसफुसणार.

रंगाऱ्याचा ब्रश पायाला लागला आणि माझ्या अंगावर काटा आला. माझ्याच अंगावर खोटं लिहीत होते, आणि मला ओरडायला तोंड नव्हतं.

फोन वाजला. आराखडा कार्यालयातल्या बाई होत्या.

"किती पाणी, मामा?"

'दोन' सांगा, म्हणून साहेबांनी दोन बोटं दाखवली. नोकरी जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावर मला स्वच्छ वाचता आलं.

"बाई, शून्याच्या खाली गेलंय," मामा म्हणाले. "नवे आकडे दिसतील, त्यांच्यावर जाऊ नका. रंग ओला आहे अजून. आजच कपात करा."

साहेबांची बोटं हवेतच राहिली.

कपात झाली. लोकांनी मामांना यथेच्छ शिव्या घातल्या; पोरीच्या खोलीतला नळ चालू होता, म्हणून मामांनी त्या गोड मानून घेतल्या. पाणी अजून चढलेलं नाही. खालचा चिखल रोज भेगाळतो, तो आवाज मला ऐकू येतो.

मित्रांनो, एकच मागणं आहे. पाणी माझ्या गळ्याशी असेल, तेव्हा थोडं घाबरत जा. कोरडं पडल्यावर घाबरायला मी एकटी पुरेशी आहे.