चांगल्या गुडघ्यावरची नी-कॅप

मी एक नी-कॅप बोलतेय. मूळचा रंग काळा, धुऊन धुऊन राखाडी झालाय. दुखऱ्या गुडघ्याला आधार द्यायला मला विणलं, पण दुखऱ्या गुडघ्याशी माझी कधी गाठच पडली नाही.

माझा मालक व्यावसायिक फुटबॉलपटू. त्यात स्ट्रायकर, म्हणजे गोल करणं हेच त्याचं काम. दुसऱ्या क्लबात असताना त्याचा डावा गुडघा दुखावला. त्याने मला विकत आणलं आणि चढवलं उजव्यावर. मला वाटलं, घाईत चुकला असेल.

मैदानात उतरल्यावर उलगडा झाला. समोरचे बचावपटू मला बघून नेमके उजव्या पायावर तुटून पडायचे, आणि डावा वाचायचा. मार मी खायची. त्याबद्दल तक्रार नाही.

ही युक्ती त्याने कुणालाच सांगितली नाही. तिसऱ्या क्लबातही ती चालली, गोलही होत राहिले. कळ आली की तो बुटाची नाडी बांधायला खाली वाकायचा. बायको तेवढी ओळखून होती. डाव्या पायाचं काय ते एकदा दाखवून घे, म्हणून मागे लागायची. तो हसण्यावारी न्यायचा.

चौथ्या क्लबाने कराराआधी तपासणी ठेवली. तिथले डॉक्टर घाईतले. त्यांनी मला पाहिलं आणि उजव्याच गुडघ्याचं स्कॅन करायला पाठवलं. रिपोर्ट अर्थातच स्वच्छ आला.

"नवा कोरा गुडघा आहे की तुमचा," असं म्हणत त्यांनी क्लबाने तयार ठेवलेले दोन वर्षांच्या कराराचे कागद पुढे सरकवले.

त्याने पेन उचललं. सही केली तर खेळ चालू, पण एखाद्या उडीत पाय कायमचा जाणार. खरं सांगितलं तर कदाचित खेळच संपणार. शेजारी बायको बसली होती. ती माझ्याकडे बघत राहिली.

त्याने पेन ठेवलं. मला ओढून काढलं आणि कागदांवर ठेवलं.

"डॉक्टर, ही चुकीच्या पायावर होती. सहा वर्षं. बचावपटूंना फसवायला."

डॉक्टर आधी चिडले. मग कपाळाला हात लावून म्हणाले, "म्हणजे त्या बचावपटूंच्या रांगेत मीही."

दुसऱ्या दिवशी डाव्याचं स्कॅन झालं. आतली गादी फाटली होती, पण वेळ गेली नव्हती. छोटं ऑपरेशन, चार महिने विश्रांती, आणि करार दोनाऐवजी एका वर्षाचा. बायकोने डोळे मिटून मोठा श्वास सोडला. तो उठला आणि सगळ्यांदेखत, अगदी आरामात लंगडत बाहेर गेला. त्याला इतकं मोकळं चालताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मला न्यायचं तो विसरला, ते बरंच झालं. मी आता डॉक्टरांच्या खणात असते. नवा खेळाडू आला की ते मला टेबलावर ठेवतात, ही गोष्ट सांगतात आणि विचारतात, "आता बोला, दुखतंय कुठे?"

खेळाडू माझ्याकडे बघतो, मग दाराकडे. माझी त्याला एकच विनंती असते: बाबा रे, सांगून टाक. आणि बहुतेक जण सांगतात.