सहभागी क्रमांक चार

“‘सहभागी क्रमांक चार अकरा सेकंद शांत राहिली. ही शांतता म्हणजे कामातून लाभलेली गहिरी तृप्ती होय.’” नौफाने वाचून दाखवलं आणि चष्मा कपाळावर ढकलला. “डॉक्टर, तृप्ती कसली? ईदचा आठवडा होता. तोंडात मामूल होतं, खजूर भरलेलं बिस्किट.”

नऊ नर्सेस माना खाली घालून हसल्या. सल्त शहरातल्या त्या रुग्णालयात दर मंगळवारी कुणीतरी एक छापील शोधनिबंध सोलायचा, अशी पद्धत होती. आज पाळी नौफाची होती आणि निबंध त्यांच्याच डायलिसिस विभागावरचा. सव्वीस वर्षं त्या यंत्रांशी संसार केलेली नौफा त्यात ‘क्रमांक चार’ झाली होती.

उपसंचालक डॉक्टर राकान यांना निबंध फार आवडला होता. या परिचारिकांना विश्रांतीची गरजच भासत नाही, असं त्यात सिद्ध झालं होतं. म्हणून रविवारपासून नर्सेसची दोन खाटांची खोली मोडक्या व्हीलचेअरना मिळणार होती. व्हीलचेअरची मुलाखत कुणी घेतली नव्हती, तरी त्यांची गरज मान्य झाली होती.

“सिस्टर, छापून आलंय ते,” राकान म्हणाले. “छापण्याआधी परदेशातल्या तिघा तज्ज्ञांनी तपासलंय.”

“त्या तिघांना कुणी मामूल दिलं होतं का?” नौफाने पान उलटलं. “बारा मुलाखती, आणि बाराही जणी समाधानी. अहो, चहात साखर किती यावरून आमच्यात दोन तट आहेत! आणि इथे एकीचंही वेगळं मत नाही? आता पान चार बघा. ‘मुलाखतीच्या वेळी संशोधक व सहभागी यांच्याखेरीज कुणीही हजर नव्हतं.’”

इथे तिचं बोट थांबलं. पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स धरून, मुख्य परिचारिका उम्म मुहन्नद बसल्या होत्या. मुलाखती घ्यायला अम्मानहून आलेल्या संशोधक पाहुणीला एकटं बसवायचं म्हणजे लाजच, म्हणून त्या बाराही मुलाखतींत कॉफीचे पेले भरत बसून राहिल्या होत्या. रुग्णाच्या थरथरत्या हातातली शीर कशी शोधायची, हे नौफाला त्यांनीच शिकवलं होतं. पुढच्या महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या.

नौफाने नाव घेतलं नाही. “हे वाक्य खरं असेल तर निष्कर्ष टिकतो. खोटं असेल तर खोली आमची. ज्याला ठाऊक असेल त्याने सांगावं.”

अकरा सेकंद गेले असावेत. या वेळी कुणाच्याच तोंडात काही नव्हतं.

“मी होते.” उम्म मुहन्नद उठल्या. “बाराच्या बारा वेळा. कॉफी मीच ओतत होते. त्या पोरीने मला बहुतेक किटलीतच मोजलं. आणि माझ्यासमोर या काय कप्पाळ बोलणार? ड्युटीचा तक्ता मीच लावते.”

राकान यांनी निबंध हातात घेतला. “मासिकाला कळवावं लागेल, उम्म मुहन्नद. तुमच्या नावानिशी.”

“घाला की! पूर्ण नाव घाला. चाळीस वर्षांत एकदा तरी छापून येऊ दे.”

रविवारी व्हीलचेअर व्हरांड्यातच होत्या. दुपारी नौफा सुजलेला गुडघा उशीवर टेकून खाटेवर पडली होती. दार उघडून उम्म मुहन्नद आत आल्या. स्टुलावर मामूलची बशी ठेवली, सवयीने खुर्ची ओढली आणि टेकणार, तोच थांबल्या.

मग त्यांनी खुर्ची पुन्हा भिंतीला लावली आणि बाहेर जाऊन दार हळूच ओढून घेतलं.