हसायला नेमलेला माणूस

धबधब्याने रुमाल तोंडावर दाबून खोकला काढला, रक्ताचा डाग आत जाईल अशी घडी घातली आणि रुमाल खिशात टाकला. शेजारी बसलेल्या बायकोने ती घडी पाहिली आणि नजर स्टेजच्या पडद्याकडे वळवली.

दिवसभर तो वजनकाट्यावर कारकून असे. धबधबा तो फक्त हौशी नाटकमंडळींचा. त्याचं हसणं आधी थेंब थेंब गळायचं, मग थेंब एकमेकांना ढकलायचे आणि मग कडाच कोसळायचा. त्या हसण्याच्या साथीने एकदा एका म्हातारीची कवळी उडून थेट स्टेजवर पडली आणि नायिकेने ती संवाद न तोडता परत आणून दिली, असं सांगतात. खोटं वाटत असेल तर म्हातारीला विचारा. ती वारली, ते सोडा.

म्हणून प्रत्येक प्रयोगाला त्याला तिसऱ्या रांगेत मधोमध बसवत. प्रेक्षक म्हणजे मेंढरं, एकाने उडी मारली की सगळी मारतात, असं नाटक बसवणाऱ्या शिंपीमास्तरांचं ठाम मत होतं.

त्याच्या घशातली गाठ वाईट निघाली होती. स्वरयंत्र लवकर काढलं तर माणूस हाती लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मिळालेली तारीख त्याने ढकलून या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवसावर नेली आणि मंडळींना काही कळू दिलं नाही.

"नाटक पडेल गं," तो बायकोला म्हणाला होता.

"आणि तुम्ही पडलात म्हणजे?"

"मी कशाला पडतोय? मी तर खुर्चीत बसलेला असतो."

ती कधी नाटकाला येत नसे. घरी फुकट ऐकते, तिकीट कशाला काढू, म्हणायची. आज न बोलावता आली होती.

पडदा उघडला. सासरा झालेले मास्तर धापा टाकत मोठ्या पेटीवर टेकले. पेटीत त्यांचा होणारा जावई लपलेला. पेटी कण्हली.

"या वयात हाडं फार बोलतात बुवा," मास्तर म्हणाले.

इथे पहिला थेंब पडायचा. धबधब्याने मान मागे टाकून तोंड उघडलं. रिकामं पातेलं खरवडावं तसा बारीक आवाज निघाला, तो शेजारी बायकोलाच काय तो ऐकू आला. त्याने पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा तटतटल्या, डोळ्यांत पाणी आलं. मग खुर्चीचे हात घट्ट धरून तो नाटक पडायची वाट पाहू लागला.

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. मग बाल्कनीत कुणी. मग सगळं नाट्यगृह खदखदलं, आणि शेवटपर्यंत लोक मांड्यांवर थापा मारत राहिले. धबधबा वळून वळून त्यांच्याकडे बघत होता. आपली नेहमीची गाडी आपल्याला न घेताच निघून जावी, तसा.

पडदा पडल्यावर मास्तर तोंडाच्या रंगासकट धावत आले.

"काय हसलात हो आज! पार विंगेत ऐकू येत होतं. तुम्ही नसता तर माती होती माती!"

धबधब्याचा चेहरा हळूहळू उजळला.

"पुढच्या महिन्यात दुसरा प्रयोग ठरलाय. तुमची खुर्ची राखून ठेवतो. येताय ना?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ही नजर तिच्या ओळखीची होती. तारीख ढकलली तेव्हाही अशीच होती.

"मास्तर," ती म्हणाली, "हे आज हसलेच नाहीत."

"म्हणजे?"

"एकदासुद्धा नाही. लोक आपले आपणच हसले."

"वहिनी, थट्टा करता गरिबाची?"

"त्यांनाच विचारा."

भरबाजारात तिने अंगावरचे कपडे ओढावेत, तसं धबधब्याने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हलवली नाही. शेवटी खाली बघत त्याने होकारार्थी मान हलवली.

"उद्या सकाळी यांचं घशाचं ऑपरेशन आहे," ती म्हणाली. "त्या खुर्चीत दुसरं कुणी बसवा. नाही बसवलंत तरी चालेल."

मास्तर तोंडाचा रंग पुसायचंही विसरले. धबधबा रांगेतून बाहेर पडला आणि तिच्यासाठी न थांबता दाराकडे निघाला. तीही घाई न करता त्याच्या मागून चालू लागली.