कुंपणापलीकडचे दाणे

स्वप्नालीने सफरचंदाच्या झाडाला पाखरांसाठी टांगलेली दाण्यांची जाळी उतरवली, तिच्यावरचा बर्फ झटकला आणि हात लांब करून कुंपणापलीकडे दिली. शेजारच्या मारायकेबाईंनी मास्क सावरत ती घेतली.

“बियांची पिशवी तुमच्या दाराशी ठेवते,” स्वप्नाली मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हणाली. “महिनाभर पुरेल.”

“मार्चपर्यंत मी बघते,” बाई म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी, ती उइटहॉर्न गावात नवीन असताना, त्यांनीच तिला बजावलं होतं, थंडीत एकदा खायला घालायला लागलीस की मध्येच थांबू नकोस, पाखरं विसंबून राहतात. नोव्हेंबरात अभिजितची नोकरी गेली. दुसरी शोधायला राहण्याच्या परवान्यावर तीन महिने मिळाले, पण लॉकडाऊनमध्ये कुणीच माणसं घेत नव्हतं. शनिवारी पुण्याला परतायचं होतं.

घरात अभिजित खोक्यांना चिकटपट्टी लावत होता.

“आज मंगळवार. अजून चार दिवस आहोत आपण,” तो म्हणाला. “तोवर राहू द्यायचीस जाळी.”

“आपण असतानाच त्यांना तिकडची वाट कळायला हवी.”

बुधवारी पारा उणे आठवर होता. पाखरं नेहमीच्या वेळी आली. निळ्या टोपीचे टिट पक्षी रिकाम्या फांदीभोवती घिरट्या घालून गेले. तांबड्या छातीचा रॉबिन मात्र पायरीवर उतरला आणि अंग फुगवून बसून राहिला. स्वप्नाली काचेमागे उभी होती. पिशवी बांधताना उरलेल्या बिया तिच्या मुठीत होत्या.

“टाक ना थोड्या,” अभिजित हळूच म्हणाला.

तिने नकारार्थी मान हलवली.

गुरुवारीही रॉबिन आला. दुपारपर्यंत तीनदा. तिसऱ्यांदा तिने स्वयंपाकघराचा पडदा ओढून घेतला आणि मसाल्याचे डबे वर्तमानपत्रात गुंडाळत राहिली. एकच डबा तिने दोनदा गुंडाळला.

शुक्रवारी बागेतल्या बर्फावर पाखराचं एकही पाऊल उमटलं नव्हतं. अभिजितने तिच्यापुढे चहाचा कप ठेवला आणि बाहेर पाहिलं.

“आज कुणीच नाही.”

“हं.”

तेवढ्यात पलीकडून मारायकेबाईंची हाक आली. “स्वप्नाली, सगळे इकडे आलेत. रॉबिनसुद्धा. ये, बघ.”

तिने दार किलकिलं केलं, “येते” म्हणाली आणि लावून घेतलं.

मग ती खोक्यावर बसली. कुंपणापलीकडचा किलबिलाट बंद दारातूनही ऐकू येत होता. चहावर साय धरली तरी ती उठली नाही.