तीन आळ्यांचा दोर

मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर एका दोराचा खालचा तुकडा, वीस हात लांब. मित्रांनो, दोराची गोष्ट तुम्हाला एकी शिकवायला सांगतात. सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नका. माझ्यावरही नको. आधी ऐका.

लातूर नवा जिल्हा झाला, पेढे वाटले गेले आणि त्यामागोमाग पावसाने पाठ फिरवली. चाकूरकडच्या आमच्या गावात एकच विहीर जिवंत राहिली. तिचे पाणी पन्नास हात खाली गेले आणि कुठल्याच घरचा दोर तिथवर पोचेना. तीन दिवस बायका रिकाम्या घागरी घेऊन परतल्या, पण आपला दोर दुसऱ्याच्या दोराला बांधायला कुणी तयार होईना. चौथ्या दिवशी जिलानी पिंजाऱ्याची बायको हसीना म्हणाली, "तहानेनं मरायचं का इज्जतीनं, ते तरी ठरवा."

तेव्हा तीन आळ्यांच्या तीन दोरांची जोडणी झाली. वरचा तुकडा दुकानदार गुरुबसप्पाचा, मधला जिलानीचा आणि खालचा मी. मला भामाबाईने अंबाडीच्या वाखापासून वळले, मांडीवर पीळ देऊन देऊन. तिची मांडी सोलवटून गेली होती. तिने अट घातली, "माजा दोर घेता, तर पयली घागर माजी." अट मान्य झाली. मात्र भरणार दुसरे. ती मांगवाड्यातली, तिने विहिरीच्या कट्ट्याला शिवायचे नाही. तिच्या हातांनी वळलेला मी पाण्यात बुडून निघायचो आणि ते पाणी सगळे प्यायचे. माझ्याने पाणी बाटत नव्हते, तिच्या हाताने बाटत होते. हा न्याय मला आजवर कळला नाही. ज्यांनी केला त्यांनाही कळत नसावा.

रोज सकाळी बायका एकमेकींच्या गाठी ओढून बघत. गुरुबसप्पाची बायको गौरम्मा म्हणे, "हसीने, ही गाठ हाय का तुझ्या नवऱ्याचा शब्द? टिकंल ना गं?"

"अक्का, तुमचा दोर बघा आधी. उंदरानं चाखल्यावानी दिसतोय."

हसत, पण ओढून पाहिल्याशिवाय घागर आत सोडत नसत. जिल्ह्याचे साहेब आले, त्यांनी फोटो काढला आणि 'एकीचे बळ' म्हणून पाठ थोपटली. एकी कसली? नुसता संशय होता. पण तो गाठींवर होता, म्हणून मी शाबूत होतो.

मग गुरुबसप्पाचा भाऊ सिद्धलिंग लातुरातून बातमी घेऊन आला. टँकर येणार, पण एकाच आळीला, आणि ज्यांचा अर्ज आधी जाईल त्यांना. त्या दिवसापासून गाठी बघणे थांबले आणि माणसे बघणे सुरू झाले. एसटीत कोण बसला, कुणाच्या खिशात कागद दिसला, एवढेच बोलणे. गुरुबसप्पाच्या दुकानात नवे दोर टांगलेले होते, पण विहिरीला त्याने दिला होता माळ्यावरचा मोटेचा जुनाट नाडा. कट्ट्याच्या दगडावर घासून त्याचा एकेक पदर सुटत होता. मला खालून ते जाणवत होते. दोराला ओरडता येत नाही.

एका सकाळी तो तुटला. घागरीसकट आम्ही दोन्ही तुकडे तळाला गेलो. तुटके टोक गौरम्माच्या हातात राहिले. तरी गुरुबसप्पा म्हणाला, "भामेनं पीळ सैल दिला. उद्यापासून तिची पहिली घागर बंद."

"आप्पा, माजा तुकडा खाली, तुटलं वर," भामाबाई लांबून म्हणाली.

कुणी ऐकले नाही. आता आम्हाला काढायला तळात उतरायला हवे होते आणि भिंतीतल्या झिजलेल्या खोबणींत पाय द्यायला कुणी धजेना. मग गुरुबसप्पालाच सुचले, "भामे, तू उतर."

बघा मित्रांनो. कट्ट्याला शिवायचे नाही, तळात उतरलेले चालते.

ती उतरली. गुडघाभर पाण्यात उभी राहून आधी ओंजळीने पोटभर प्यायली. मग आम्हाला गोळा करून खांद्यावर घेतले. वरून हाका सुरू झाल्या, "आण लवकर."

ती हलली नाही. "आदी सांगा, कुनाचं तुटलं?"

"वर ये, मग बघू," गुरुबसप्पा म्हणाला.

"वर आल्यावर कोन बघतंय आप्पा? मला हितं पानी हाय. तुमाला वर न्हाई."

मग गौरम्माचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "आमचंच तुटलं. नाडा कुजलेला होता. मला ठावं होतं."

भामाबाई वर आली. माफी कुणी मागितली नाही. दुकानातला एक नवा दोर मुकाट्याने आला, आम्हाला जोडला गेला, आणि पहिली घागर तिचीच भरली.

आठ दिवसांनी टँकर गुरुबसप्पाच्या आळीत उभा राहिला. त्याच दुपारी तो आपला दोर सोडून घेऊन गेला. उरलेले आम्ही दोघे पाण्याला पोचत नाही. भामाबाई आणि हसीना आता खोबणींवरून अर्ध्यावर उतरतात आणि तिथून आम्हाला सोडतात. भामाबाईला कट्ट्यावर कुणी अडवत नाही, कारण अडवणारे आता तिकडे फिरकतच नाहीत.

मित्रांनो, दोर असो की गाव, घासत असेल तिथे वेळीच बघा. आणि तुटलेच, तर कुणाकडे बोट दाखवण्याआधी तुटके टोक कुणाच्या हातात आहे ते बघा.