टेपाडावरचा जोड

अमोलने माझ्या दारासमोर चुन्याची रेघ ओढली, टोकाला मोठी फुली मारली आणि म्हणाला, "झालं मावशी. नवीन लाइन इथवर. नकाशात इथंच संपते."

हा अमोल ठेकेदाराचा मुकादम. कामाला वाघ, पण आगाऊ. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. सूप बाजूला ठेवलं आणि म्हटलं, "आणि वर टेपाडावर चार घरं आहेत, त्यांनी काय तुझा नकाशा प्यायचा?"

तो हसला. मला हसू आलं नाय.

का ते सांगते. आमचं गाव शहापूरहून डोळखांबला जाताना लागतं. गावाला पाणी मी सोडते. आधी माझा नवरा नवशा सोडायचा. तो गेला त्याला तेरा वर्षं झाली, तेव्हापासून चावी माझ्याकडे. चावी म्हणजे कुलपाची नव्हे हो. छातीइतकी उंच लोखंडी दांडी, वर आडवी मूठ. चेंबरचं झाकण उचलायचं, दांडी खाली व्हॉल्व्हवर बसवायची आणि फिरवायची. कुठल्या आळीला किती फेरे, कुणाच्या नळाला जोर कमी, कुठला पाइप कधी दगा देईल, हे मला माझ्या मांडणीवरच्या डब्यांइतकं पाठ आहे.

पाइप चाळीस वर्षांचे. अर्धे बिडाचे, अर्धे सिमेंटचे. महिन्यात दोनदा कुठंतरी फुटणार, आणि फुटले की खड्ड्यात उतरून गळ्यापर्यंत चिखल अंगावर घेणार कोण, तर संजीवनी. बाकी गाव कडेला उभं राहून सूचना करतं. म्हणून सगळ्या आळ्यांचे पाइप बदलायची मंजुरी आली तेव्हा मी देवाला पेढे ठेवले. जेसीबी आला, नारळ फुटला, काळ्या पाइपांची वेटोळी रस्त्याला लागली. आणि आता ही फुली.

माझं घर आळीचं शेवटचं. त्याच्या वर टेपाड, आणि टेपाडावर ठाकर आदिवासींची चार घरं. त्यातलं एक ठमीचं. जागेचा कागद नाय म्हणून त्यांना नळ नाय, असा पंचायतीचा हिशेब. पूर्वी त्या बाया हंडे घेऊन खाली आळीत यायच्या. आमच्या बाया म्हणायच्या, "थांब गो, आमचं होऊ दे," आणि आमचं होईस्तोवर पाणी जायचं. अकरा वर्षांपूर्वी ठमीची सून काजल, तेव्हा नवी नवरी, कुणाच्या तरी मोरीतून मिळवलेला अर्धा हंडा घेऊन टेपाड चढताना पडली. मनगट मोडलं. लावणी तोंडावर आणि पोरीचा उजवा हात गळ्यात. ठमी तिला घेऊन माझ्या ओट्यावर बसली. भांडली नाय, रडली नाय. एवढंच म्हणाली, "संजीवनी, पानी तुज्याच हातात हाय ना गो?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठमीवर नाय, माझ्यावरच.

त्या वर्षी पौष पुनवेला अख्खी आळी मुरबाडकडे म्हसा गावच्या जत्रेला गेली. म्हातारीकोतारी पण टेम्पोत बसून गेली. आळीत राहिली कुत्री, आणि आमी दोघी. गावाच्या टाकीमागे भंगारात दोन इंची लोखंडी पाइप पडले होते, ते खांद्यावर वाहिले. ठमीने चर खणला. मी आळीच्या शेवटच्या पाइपाचं बूच काढलं आणि जोड मारला. ट्रकच्या ट्यूबची पट्टी, वर पत्रा, त्यावर तार पिळून पिळून. मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह बसवला, अगदी माझ्या दारात. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. नवशाच्या हातात पाना द्यायचं काम माझं, देता देता बघितलेलं. संध्याकाळी आळी घोंगड्या घेऊन परतली, तेव्हा आमी चरावर माती सारखी करून चहा पीत बसलो होतो.

तेव्हापासून रोज आळीचे हंडे भरून झाले की वीस मिनिटं मी दारातला व्हॉल्व्ह उघडते. चार घरांत एक नळ, ठमीच्या कुडामागे. आळीला पत्ता लागायला दोन महिने गेले. बायका म्हणाल्या, "नवशादादाने टाकून ठेवली असेल लाइन. मोठ्या मनाचा माणूस." मी हो म्हटलं नाय आणि नाय पण म्हटलं नाय. मेलेल्या माणसाला कोण जाब विचारतंय? त्याच्या नावाआड मी अकरा वर्षं सुखात लपले.

आता नवीन लाइन सुरू झाली की जुनी बंद. माझा जोड जमिनीखाली राहील, पण त्यात पाणी कुठून येणार? टेपाडावरचा नळ कायमचा कोरडा, आणि काजलच्या डोक्यावर परत हंडा. आता तिच्या दोन्ही पोरींच्या डोक्यावर पण.

दुसऱ्या दिवशी इंजिनियर दर्शना आली तेव्हा मी तिला अडवलं. पोरगी जवळच्याच शेणवे गावची, शिकून इंजिनियर झालेली, बोलायला सरळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हातातला नकाशा उघडला. "मावशी, कागदावर वर काहीच नाही. चालू लाइन असेल तरच मला बदलता येते. इथं लाइन आहे हेच मी कशावरून मानू?"

"कानावरून," मी म्हटलं.

आळीचं पाणी नुकतंच झालं होतं. मी दारातला व्हॉल्व्ह उघडला, चावी तशीच वर बसवून ठेवली आणि तिला म्हटलं, "मुठीला कान लाव." ती वाकली. तिचा मोत्याचा डूल मुठीवर टेकला. रात्री फुटका पाइप शोधायचा तर आमी असाच शोधतो, पाणी धावत असेल तर दांडीतून घुमतं. दर्शना बराच वेळ तशीच वाकून राहिली.

"जातंय," ती म्हणाली. "वर जातंय."

"मग?"

"मग फोटो लागतील मावशी. पाइप उघडा दिसला पाहिजे, मापासकट. आणि शनिवारी जुनी लाइन बंद होणार, त्याच्या आत."

तो बुधवार होता. मी अमोलकडे गेले. तो म्हणाला, "फुलीच्या पुढे जेसीबीची बकेट टाकायचा मला हुकूम नाय, मावशी. माझी पण नोकरी आहे." खोटं बोलत नव्हता. मी म्हटलं, "तुझी बकेट ठेव तुझ्याजवळ, टिकाव तेवढे दोन दे." टिकाव दिले त्याने.

गुरुवारी पहाटे ठमी, काजल, वरच्याच दुसऱ्या घरातली बारकी पोर आणि मी, चौघी लागलो. टेपाडाची जमीन म्हणजे मुरूम, टिकाव मारला की ठिणगी. दुपारपर्यंत माझ्या हाताला फोड आले, फुटले, त्यावर परत आले. काजल त्याच उजव्या हाताने घमेली उचलत होती. समोरच्या घरातली सकुबाई दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नवीन पाणी पण वर नेणार का गो? आमचं कमी होईल."

"अकरा वर्षांत कमी झालं?" मी चरातूनच ओरडले. "झालं असतं तर तू मला जगू दिलं असतंस?"

सकुबाई आत गेली. दार आपटायला मात्र विसरली नाय.

शुक्रवारी संध्याकाळी टेपाडाच्या माथ्यापासून माझ्या दारापर्यंत पाइप उघडा पडला. गंजलेला, वाकडातिकडा, पण सलग. शेवटी जोड. अमोल खाली उतरला, बोटाने ट्यूबची पट्टी चाचपली आणि बोट बघितलं. कोरडं.

"आयला," तो म्हणाला, "आमचे क्लॅम्प दोन वर्षांत रडतात. कुणी मारला हा?"

मी तोंड उघडायच्या आत सकुबाई आपल्या ओट्यावरून म्हणाली, "नवशादादाने, आणखी कुणी?" आणि मी गप्प बसले. लाज वाटली, तरी गप्प बसले.

दर्शनाने फोटो काढले, टेप लावून मापं घेतली. मग मला बाजूला घेतलं. "फोटोने लाइन आहे हे दिसतं. ती रोज चालू आहे हे कुणीतरी लिहून द्यावं लागेल. ते पाणी सोडणाराच देऊ शकतो." ती टेप गुंडाळू लागली. "आणि तुम्ही तसं लिहून दिलंत तर अर्थ असा होतो, की परवानगी नसताना तुम्ही अकरा वर्षं पाणी दिलंत. चावी जाईल मावशी. मला थांबवता येणार नाही."

"उद्या सांगते," मी म्हटलं आणि घरात आले.

त्या संध्याकाळी मी खरंच घाबरले. चावी म्हणजे माझं सगळं होतं. नवरा गेल्यावर बाई घरात बसते, मी रस्त्यात उभी राहिले ती त्या दांडीच्या जोरावर. सरपंच बदलले तरी मला "संजीवनीबाय, पाणी कधी?" असंच विचारत आले. ती गेली की मी कोण? आळीच्या शेवटच्या घरातली विधवा. भात खाली उतरेना. गप्प बसले तर कुणी काही म्हणणार नव्हतं. ठमीसुद्धा नाय. तिने शाप दिला असता तर बरं, पण ती देणारी नव्हती. ती हंडा उचलून खाली आली असती आणि कुणाच्या तरी मोरीपाशी थांबली असती, आणि मी चेंबरवर उभी राहून ते रोज बघितलं असतं. ते मला जमणार नव्हतं. एवढं स्वतःला सांगितलं, मग भात गेला.

शनिवारी सकाळी मी दर्शनाच्या समोर बसले. ती लिहीत गेली, मी सांगत गेले. रोज किती वाजता, किती मिनिटं, किती फेरे. कागद जवळजवळ भरला. शेवटी ती हळूच म्हणाली, "जोडाचं काय लिहू? सगळे म्हणतात नवशाकाकांनी केला. ते आता नाहीत. त्यांचं नाव टाकलं तर तुमच्यावरचं निम्मं ओझं उतरेल. पाणी सोडलंत ते राहील, पण चोरून लाइन टाकली हा ठपका तरी लागणार नाही."

पोरगी भल्यासाठी सांगत होती. मला मात्र एकदम राग आला.

"का टाकायचं त्याचं नाव? त्याचे जोड सहा महिन्यांत गळायचे! चांगला माणूस होता, माझा जीव होता त्याच्यावर, पण तार पिळताना घाई करायचा. हा जोड अकरा वर्षं टिकलाय. एक थेंब गळला नाय. तुझ्या मुकादमाने बोट लावून बघितलं. माझ्या हातून आयुष्यात एक काम असं झालं, आणि ते मी दुसऱ्याच्या नावावर लावू? लिही. जोड संजीवनीने मारला."

अमोल मागेच उभा होता. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. मी सही केली. मोठी केली, कुणाला वाचता येणार नाय असं नको.

दर्शना वरच्या साहेबांशी कशी भांडली ते मला माहीत नाय, पण लाइन कागदावर चढली. जुनी बंद करायची तारीख पुढे गेली. अमोलचा जेसीबी फुली ओलांडून टेपाड चढला आणि काळा पाइप ठमीच्या कुडापर्यंत गेला. बाराव्या दिवशी नवीन लाइनीत पाणी सोडायचं ठरलं.

त्या सकाळी मी चेंबरवर पोचले तर पंचायतीचा शिपाई जीवन आधीच उभा. हातात कागद. बघत होता जमिनीकडे. "काकू," तो म्हणाला, "चावी घ्यायला सांगितलंय. मी काय करू?"

"काय करशील? घे," मी म्हटलं. "आणि नीट ऐक. आळीला सहा फेरे. मग टेपाडाला साडेतीन, चौथा देऊ नको, वर नळ उडेल. आणि वीस मिनिटं म्हणजे वीस. मोबाइल बघत बसलास तर तिथं येऊन कान उपटीन."

चावी दिली. हात एकदम हलके झाले, आणि ते कुठं ठेवायचे ते कळेना. घरी जाववेना म्हणून टेपाड चढले.

ठमी नळापाशी हंडा मांडून बसली होती. मला बघून चमकली. "तू हितं? मंग पानी कोन सोडतंय?"

"जीवन. आजपासून तोच सोडील."

ठमीने माझ्या रिकाम्या हातांकडे बघितलं. तिला कळलं. ती उठली आणि तिने मला नळासमोर बसवलं.

आणि मला तेव्हा कळलं, की तेरा वर्षांत मी पाणी येताना कधी बघितलंच नव्हतं. गावात पाणी यायचं तेव्हा मी कायम चेंबरवर. माझ्या घरचा हंडा शेजारीण भरायची. आधी नळ नुसता फुसफुसला. मग खोकला. मग लालसर गढूळ चूळ टाकली त्याने, आणि मग आलं, जाडजूड, स्वच्छ, हंड्याच्या तळावर धाडकन. काजलच्या पोरी ओरडल्या. मला रडू फुटलं. पदर तोंडात धरून, गदगदून रडले मी, नवशा गेला तेव्हासुद्धा असं रडले नव्हते.

ठमीने पाठीवर हात ठेवला.

"रडशील मंग," ती म्हणाली. "पैला हंडा सरकव गो, भरला. दुसरा लाव."