ताटलीतली कोनादु

मी बोलतोय, कुमासी शहरातल्या एका प्रयोगशाळेच्या उबदार कपाटातून, काचेच्या ताटलीतून. मसुराच्या डाळीएवढा, पांढुरका, पेशींचा एक गोळा. मला तोंड नाही, डोळे नाहीत. पण माझ्यातल्या पेशी मेंदूच्या आहेत. त्या एकमेकींशी सारख्या कुजबुजत असतात, आणि त्या कुजबुजीला बोलणं म्हणायला हरकत नसावी.

माझं मूळ नऊ वर्षांच्या एका मुलीच्या दंडात आहे. तिचं नाव कोनादु. वाऱ्यासारखी पळणारी पोर. सातव्या वर्षी तिला एकाएकी झटके यायला लागले. प्रत्येक झटका जाताना काहीतरी घेऊन जाई. आधी एका कानाचं ऐकणं गेलं, मग डाव्या हातातला जोर. पेशींत शक्ती तयार करणारे बारीक कण असतात, तंतुकणिका. कोनादुच्या पेशींत त्यांतले पुष्कळसे बिघडलेले होते, आणि मेंदूला तर शक्तीची भूक फार.

पण जिवंत मुलीचा मेंदू कोण उघडून बघणार? म्हणून आंपोमा डॉक्टरबाईने तिच्या दंडाच्या कातडीचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा घेतला. त्यातल्या पेशींना आपलं कातडीपण विसरायला लावलं. त्या पुन्हा गर्भातल्यासारख्या कोवळ्या झाल्या. मूळपेशी म्हणतात त्यांना. मग महिनोन्‌महिने खाऊ घालून आंपोमाने त्यांना मेंदूची वाट दाखवली, आणि मी तयार झालो. मी एकटा नव्हतो, आम्ही चोवीस भावंडं होतो.

आंपोमा अकरा वर्षं परदेशात शिकून परतली होती. "आपल्या पोरांचे आजार आपल्याच गावात शोधायचे," हे वाक्य ती येईल त्याला ऐकवायची. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंत कपाटाच्या दाराला पाठ लावून उभी राहायची, जणू तिच्या पाठीनेच आमची ऊब टिकणार होती.

दर महिन्याला कोनादु आईबरोबर यायची. आईचं नाव तिवा. ती आंबवलेल्या मक्याचे केंके आणि तळलेले मासे आंपोमासाठी बांधून आणायची. एकदा कोनादुने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"हे माझं डोकं?"

"डोकं नाही गं, डोक्यातल्यासारखा एक कण."

"मग आता गणित चुकलं तर मला नका रागावू. याला रागवा."

तिवा हसता हसता एकदम थांबली आणि पदार्थांचा डबा उघडायला लागली.

त्याच सुमारास आंपोमाने आमच्यातल्या सहा जणांच्या खाण्यात एक औषध मिसळलं. तिसऱ्या आठवड्यात त्या सहा जणांची कुजबुज सावरली. मी त्यांतला एक. आधी माझ्या पेशी मध्येच दमून गप्प होत, तशा त्या होईनात. आंपोमा एकटीच टेबलाभोवती नाचली. मग शांत बसून तिने हिशोब केला: हेच सगळं पुन्हा एकदा करून बघायला तीन महिने. तेही जमलं, तर हे औषध कोनादुला देऊन बघावं का, हे मोठ्या डॉक्टरांपुढे मांडता येईल. बरं होईल असं ती कुणाला म्हणाली नाही. पण तिवाने तिच्या तोंडाकडे बघूनच काय ते ओळखलं.

मग आंपोमाने हे सगळं समजावायला घरच्यांना बोलावलं. इथे मूल आईच्या घराण्याचं, आणि घराण्यात शब्द चालतो तो मामाचा. कोनादुच्या परवानगीच्या कागदावर पालक म्हणून सही होती तीही बार्फीमामाचीच. तो आला. तिवा आली. तिची धाकटी बहीण पोकुवा आली. इस्त्रीच्या शर्टातला आणखी एक जण दाराशी बसला, हातात गाडीची किल्ली घेऊन. आंपोमाला वाटलं, घरचाच असेल.

मामा सुआमेच्या बाजारात गाड्यांची जुनी इंजिनं विकतो. शक्तीचे ते कण मुलात फक्त आईकडूनच येतात, हे आंपोमाने सांगितलेलं त्याने सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे बघा डॉक्टरबाई, गाडी आईबापाची, पण बॅटरी नुसती आईकडची. असंच ना?"

"अगदी तसंच, मामा!" आंपोमा हरखलीच. "आपली म्हातारी माणसं काय सांगत आली? रक्त आईचं! जगाला आत्ता कळतंय ते आपल्याला कधीचं माहीत आहे. तिवाताईंत बिघडलेले कण थोडे, म्हणून त्या धडधाकट. कोनादुत जास्त आले. आता पोकुवात किती आहेत, तिच्या मुलांत किती येतील, तेही आपण तपासू..."

इस्त्रीच्या शर्टातला उठला. "गाडी उन्हात आहे," म्हणाला, आणि गेला.

मुलीला मागणी घालण्याआधी तिच्या घराण्यात झटके, वेड असं काही आहे का, याची सासरचे गुपचूप चौकशी करतात. या वेळी चौकशीची गरजच उरली नाही. तो शर्टवाला ड्वोमो होता. येत्या शनिवारी त्याची माणसं पोकुवाला मागणी घालायला यायची होती. ती आली नाहीत.

सोमवारी मामा आला.

"डॉक्टरबाई, आमचं रक्त परत द्या."

"मामा, चूक माझी. मला वाटेल ते बोला. पण यांना तीन महिने द्या."

"तीन महिन्यांत आणखी कुणाकुणाला सांगाल?" त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "पोकुवाच्या मागे घरात चार मुली आहेत. त्यांना कोण करून घेणार, तुम्ही?"

आंपोमाने कागद पुढे केला. मामाने सही करून परवानगी मागे घेतली. चोवीसच्या चोवीस, आणि गोठवून ठेवलेल्या पेशीसुद्धा, नष्ट करायचं ठरलं.

आज दुपारी तिवा एकटीच आली. परवा कोनादुला आणखी एक झटका आला. आता तिला उजवीकडचं दिसत नाही.

"बाई, चोवीस आहेत ना? त्यातला एक कुठे ठेवला ते विसरलात, असं नाही का होणार?"

आंपोमाने मान हलवली. "एकदा घरच्यांना न विचारता बोलले, तिवाताई. आता न विचारता ठेवणार नाही."

"मी घरची नाही?" तिवा म्हणाली. "मला विचारा की. मी हो म्हणते."

आंपोमाने फाईल उघडली, मामाची सही बघितली, मिटली. तिवा दाराकडे वळली. मग म्हणाली, "शहाणपण तुम्हा सगळ्यांचं. भोगायचं माझ्या पोरीने," आणि गेली.

उद्या सकाळी आमच्यावर पेशी मारणारं झोंबरं पाणी ओतलं जाईल. मला मामाचा राग नाही. आंपोमाचाही नाही; तिचं मन मोठं होतं, फक्त बोलण्याआधी तिने खोलीत नीट पाहिलं नाही. मला वाईट वाटतं ते कोनादुचं. तिच्या कामाचं काहीतरी मला ठाऊक झालं होतं, आणि ते खात्रीने सांगायच्या आधीच मी निघालो.

कुणी पुन्हा एखाद्या लेकराच्या कातडीतून माझ्यासारखा गोळा वाढवणार असेल, तर त्याने कागद आधी आईपुढे ठेवावा. माझ्यातला शक्तीचा एकूणएक कण तिवाकडून आला आहे. कागदावर तिचं नाव कुठेही नव्हतं.